दस्तगीर मुन्शींचा पांढरा परवाना

दस्तगीर मुन्शींचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, आवाज मात्र अजून कानात आहे. कारण साधं आहे. औरंगाबादच्या स्टेशनावर आम्ही दोघांनी दोन हिवाळे एकाच छपराखाली काम केलं, पण मध्ये गोणपाटाचा पडदा होता. पडद्याच्या त्या बाजूला पुरुष उतारू आणि मुन्शीजींचं मेज, या बाजूला बायका आणि मी. प्लेगचे दिवस होते. गाडीत बसण्याआधी प्रत्येकाचं अंग तपासायचं असा निजाम सरकारचा हुकूम होता, आणि बायकांच्या काखा-जांघा चाचपायला बाईमाणूस पाहिजे म्हणून मला नेमलं होतं.

माझे यजमान शाळामास्तर होते, ते पहिल्याच साथीत गेले. पदरात दोन मुली. यजमानांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं होतं, तेवढ्यावर ही नोकरी मिळाली. आमच्या पदमपुऱ्यातल्या बायका मला पाण्याला येऊ देत, पण कळशीला कळशी लागू देत नसत. मीही काही गरीब गाय नव्हते. कुणी टोमणा मारला की तिथल्या तिथं व्याजासकट परत करायची. पण रात्री अंथरुणावर पडलं की आपल्याच हातांची किळस यायची. मुन्शीजी पहिल्या दिवशी पडद्याआडून म्हणाले होते, “बाई, मी नुसते कागद बघतो, माणूस तुम्ही बघता. तुमचं काम मोठं हाय. कुणी वाकडं बोललं तर मला आवाज द्या.” त्या वेळी त्या बोलण्याचा मला किती आधार वाटला, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

परवान्यांची भानगड थोडी सांगायला हवी. आमची हद्द रोटेगावच्या पुढं संपायची, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं होतं की हद्द ओलांडणाऱ्याजवळ परवाना पाहिजे, आणि परवाने तीन रंगांचे. हिरवा जहागीरदारांचा आणि बड्या हुद्देदारांचा. त्यांना सगळं माफ, त्यांच्या नोकरमाणसांनाही माफ. पांढरा सरकारी नोकरांचा, तोही सरकारी कामावर जात असतील तर. त्यांची नुसती नाडी बघायची आणि सोडून द्यायचं. उरलेल्या सगळ्या दुनियेला पिवळा. पिवळ्यावाल्याचं गाठोडं आधी स्टेशनातल्या भट्टीत वाफेवर घालायचं, आणि हद्द ओलांडली की पलीकडच्या पहिल्या स्टेशनावर पत्र्याच्या छपरीत त्यानं दहा दिवस काढायचे. दहा दिवसांत ताप आला नाही, गाठ आली नाही, तर पुढची वाट मोकळी.

हे तिन्ही परवाने मुन्शीजी लिहीत. अक्षर असं की ज्याला उर्दू येत नाही तोही कागद उलटा धरून बघत राही. दाढेखाली कायम एक लवंग असायची, त्यामुळे पडद्यापलीकडून आधी वास यायचा आणि मग आवाज. त्यांची एक खोड सगळ्यांना छळायची. परवाना लिहून झाला की तो ते त्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत वाचून दाखवायचे. गाडी शिट्टी मारत असो, मागं पन्नास माणसं ताटकळत असोत, वाचन चुकायचं नाही. “तुझ्या नावानं काय लिवलंय ते तुला ठाऊक पायजे. उद्या कुणी म्हनलं, यात तुला फाशी लिवलीय, तर तू मान पुढं करशील व्हय?” लोक वैतागायचे, कुणी हसायचे. मग ते विचारायचे, “कुणाला भेटाया चालला?” परवान्यात याला रकानाच नव्हता. तरी ते समासात बारीक अक्षरात लिहायचे, बहिणीला, भावाच्या लग्नाला, जमिनीच्या कज्ज्याला. एकदा मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, “छपरीत दहा दिस पडून राहिल्यावर मानसाला स्वतालाच इसर पडतो, आपन कशाला निघालो होतो.”

एकदा एका जहागीरदारांची स्वारी आली. हिरवा परवाना, आणि नोकरमाणसं म्हणून बरोबर चौदा जण. त्यांत शहरातले दोन-चार व्यापारी डोक्याला फडकं बांधून हुजरे झालेत, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मुन्शीजींनी एकेकाला पुढं बोलावून एकच सवाल केला, “साहेबांच्या हवेलीचा दरवाजा कुठल्या दिशेला हाय?” दहा जणांनी एक दिशा सांगितली, चौघांनी भलत्याच. त्या चौघांत एक म्हातारा होता, त्याचे दात वाजत होते. जहागीरदारांचा कारभारी तापला. “मुन्शी, कागज हरा है. तुमको और क्या देखना?” मुन्शीजी म्हणाले, “कागद हिरवाच हाय, साहेब. पन ह्या बाबाला ताप हाय, आन् तो कागद वाचून उतरना.” चौघांना त्यांनी खाली ठेवलं. म्हातारा तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या झोपडीत वारला. काखेत गाठ होती. आणि पंधरा दिवसांनी मुन्शीजींना वरून ठपका आला, की दोन सरकारांच्या करारात तुम्ही नाक खुपसलं. तो ठपकाही त्यांनी मला पडद्याआडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. अक्षर फार वाईट आहे, एवढीच तक्रार केली.

पण ज्या माणसानं हिरव्याला अडवलं तोच पिवळ्याला सोडत नसे, आणि याचा मला राग यायचा. देवगाव रंगारीची गयाबाई म्हणून एक म्हातारी आली होती. तिचा मुलगा मनमाडला रेल्वेत हमाल, त्याच्या पायावरून डबा गेला होता. आई आई करतोय असा निरोप घेऊन गावचा माणूस आला होता. मी तिला तपासलं. अंगात ताप नाही, गाठ नाही, नुसती हाडं. ती पडद्याच्या फटीतून मुन्शीजींना म्हणाली, “दादा, मला तेवढा पांढरा द्या. दहा दिस तो ऱ्हायचा नाय.”

पलीकडून त्यांचा आवाज आला, “मावशी, पांढरा सरकारी नोकराला असतो. तुला कसा देऊ?” मी मध्ये पडले. म्हटलं, एका म्हातारीनं काय बुडणार आहे? ते म्हणाले, “आज हिला दिला तर उद्या कुनाला नाय म्हनू, बाई? सगळ्यांचंच कुनीतरी पल्याड हाय.” त्यांनी पिवळा लिहिला आणि समासात ‘मुलाला’ असं घातलं. मुलगा सातव्या दिवशी गेला. गयाबाई तेव्हा छपरीत बसून होती. परत आली ती सरळ मेजापाशी गेली, पिवळा कागद चार घड्या करून समोर ठेवला आणि म्हणाली, “घ्या तुमचं.” शिव्याशाप काही नाही. त्या दिवशी मुन्शीजींनी कुणाला परवाना वाचून दाखवला नाही. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मुन्शीजी नवाबपुऱ्यात राहायचे, हिमरूचं कापड विणणाऱ्यांच्या गल्लीत. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. एकच मुलगी, जैनब, तिला हद्दीपलीकडे येवल्याला दिलेली. सासर विणकराचंच, पैठण्या विणणारं. दुसऱ्या हिवाळ्यात तिला दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शहरात जागोजाग उंदीर मरून पडत होते, अशा गावात पोटुशी पोर कोण धाडील? तिनं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. ते मुन्शीजींनी मला किती वेळा वाचून दाखवलं असेल, त्याची गणती नाही. ‘अब्बा, अम्मी असती तर आली असती. बाळाला पहिलं पांघरूण आपल्या घरचं लागतं. तुम्ही ते घेऊन या. एक घडी बसा आणि जा, पण या.’

आता ते पांघरूण शिवणार कोण? मुन्शीजींनी गल्लीतल्या विणकरांकडून हिमरूचे उरलेसुरले तुकडे मागून आणले आणि दुलई स्वतःच शिवायला घेतली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पलीकडे सुई चालायची आणि मध्येच “या अल्ला” ऐकू यायचं, म्हणजे सुई बोटात गेली. एक दिवस माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, इकडे सरकवा. तेव्हापासून पडद्याखालून तुकडे माझ्याकडे यायचे, मी कडा दुमडून टाके घालून परत सरकवायची. सगळं जग गाठींबद्दल बोलत असताना आम्ही दोघं अस्तर कुठल्या रंगाचं लावायचं यावर वाद घालत होतो. त्या दोन हिवाळ्यांतले माझे तेवढेच दिवस बरे गेले.

दुलई होत आली, पण जायचं कसं? सुटी आठ दिवसांची मिळत होती. सुटीवर जायचं म्हणजे पिवळा, आणि छपरीतच दहा दिवस. पांढरा फक्त सरकारी कामासाठी. तोड मी काढली. दर महिन्याला परवान्यांची यादी पलीकडच्या स्टेशनावर नेऊन तिथल्या यादीशी ताडून बघायची असे. ते काम मुन्शीजींचंच, पण ते कायम चपराशाला धाडायचे. मी म्हटलं, “या महिन्याला तुम्हीच जा. यादी ताडा, तिथून टांग्यानं येवला, पोरीला भेटा, दुसऱ्या दिवशी परत. यात खोटं काय आहे?”

तीन दिवस त्यांनी यावर विचार केला. चौथ्या दिवशी म्हणाले, “बाई, नेमात बसतं का हे?”

“बसतं.”

“मग मला बरं का वाटना?”

“गयाबाईमुळे,” मी म्हटलं. “तिला नाही म्हणालात म्हणून आता जैनबलाही नाही म्हणणार आहात का? त्यानं गयाबाईचा मुलगा परत येणार आहे का?” माझी जीभ तिखटच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाचा पांढरा परवाना लिहिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अस्तराला एक तुकडा कमी पडला. तो त्यांनी शेजारच्या विणकराच्या घरून आणला आणि घरीच रात्री लावला. सकाळी ते पडद्यापाशी आले आणि खालून दुलई माझ्याकडे सरकवली. जांभळ्या जमिनीवर पिवळी बुट्टी, कडेला माझे टाके आणि त्यांचे वेडेवाकडे. मी म्हटलं, झकास झाली. ते गेले नाहीत. लवंगेचा वास तिथंच होता.

“बाई,” ते म्हणाले, “ही भट्टीत घालू का?”

मी हसले. “पांढऱ्याला भट्टी लागत नाही, मुन्शीजी. तुम्हीच लिहिता ना कागद? आणि वाफेत हिमरूचा रंग उतरेल, कापसाचे गोळे होतील. बाळाला काय बोळा पांघरणार आहात?”

“व्हय, ते बी खरंच,” असं म्हणून त्यांनी दुलई ओढून घेतली. यादीचं दप्तर काखेत मारून ते गाडीत चढले. त्यांच्या गाठोड्याला कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी परत आले. आवाज असा की ओळखू येईना. जैनब आदल्या रात्रीच बाळंत झाली होती, मुन्शीजी पोचले तेव्हा नात एका दिवसाचीही नव्हती. “अम्मीवर गेली, बाई. सगळी अम्मीवर.” त्या दिवशी त्यांनी प्रत्येक पिवळा दोनदा वाचला असेल. एका म्हाताऱ्या वाण्यानं शेवटी हात जोडले.

त्यानंतर दोन दिवसांनी नवाबपुऱ्यात उंदीर पडले. पहिल्यांदा पडले ते त्या शेजारच्या विणकराच्या घरात, जिथं चिंध्यांचा ढीग होता त्याच कोपऱ्यात. संध्याकाळपर्यंत विणकराला ताप भरला. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आता शाळेतली पोरंही सांगतात. पण कापडातून रोग जातो एवढं आम्हाला ठाऊक होतं. भट्टी त्याचसाठी तर होती. सकाळी मुन्शीजी आले आणि पडद्यापलीकडून म्हणाले, “शेवटचा तुकडा त्याच घरचा हाय, बाई.” दुसरं काही बोलले नाहीत. तारमास्तरकडे गेले आणि जावयाला तार केली, दुलई जाळा.

तार पोचली तेव्हा जैनबला ताप येऊन एक दिवस झाला होता. हे सगळं नंतर जावयाच्या पत्रातून कळलं. नवं कापड बाळाला बोचेल म्हणून ती दुलई चार दिवस स्वतःच पांघरून मऊ करत होती. बाळाला अजून तिनं ती लावलीही नव्हती. ताप आल्याबरोबर सासूनं बाळाला उचलून दुसऱ्या घरी नेलं, म्हणून नात वाचली. जैनब चौथ्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची होती.

मुन्शीजींनी ते पत्र मला वाचून दाखवलं नाही. पडद्याखालून सरकवलं आणि म्हणाले, “तुम्हीच वाचा.”

त्यानंतर महिनाभर मी रोज ठरवायची की आज बोलायचं. दुलई माझ्या हातात होती. त्यांनी विचारलं होतं, आणि नको मी म्हटलं होतं, तेही हसून. अर्ध्या तासाचं काम होतं. रंग उतरला असता, कापसाचे गोळे झाले असते, आणि ती पोर जिवंत राहिली असती. परक्या बायकांची चिंधी न् चिंधी मी भट्टीत घालत होते. बायका रडायच्या, लुगड्यांचे रंग गेले म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायच्या, तरी मी कुणाला सोडलं नव्हतं. सोडलं ते एकाच माणसाला, माया होती म्हणून. मला स्वतःचा इतका संताप यायचा की समोरच्या बाईच्या काखेत बोटं जोरात रुतायची आणि ती ओरडायची.

पलीकडून मुन्शीजींचा आवाज यायचा, पण परवाने वाचणं बंद झालं होतं. विचारायचे, नाव, गाव, बापाचं नाव. बस. हिरवेही लिहायचे, पांढरेही लिहायचे. मला वाटलं होतं, एखाद्या साहेबाच्या तोंडावर दऊत फेकतील. तसं काही झालं नाही. कागद पूर्वीसारखेच सुबक निघत होते.

मग एका सकाळी पडद्यापलीकडे दुसराच आवाज ऐकू आला. चपराशी म्हणाला, मुन्शीजींनी राजीनामा दिला, आजच्या गाडीनं येवल्याला चाललेत. जावयानं बोलावलं होतं. दुसरं लग्न ठरत होतं त्याचं, आणि नातीला बघायला कुणी नव्हतं. मी हातातलं काम टाकलं आणि पडदा बाजूला करून पुरुषांच्या बाजूला गेले. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा. तिथं एकच गिल्ला झाला, बाई इकडे कुठं म्हणून. मी लक्ष दिलं नाही.

मुन्शीजी पिवळ्याच्या रांगेत उभे होते. आवाजावरून मला ते उंच वाटायचे, होते बुटके. दाढी अर्धी पांढरी, शेरवानीचं वरचं बटण तुटलेलं. नवा मुन्शी मेजावरून अदबीनं सांगत होता, “हजरत, महिना संपेपर्यंत तुम्ही नोकरीतच, कामावर म्हनून पांढरा लिवतो. छपरीची गरज नाय.” ते म्हणाले, “पिवळाच लिवा.” त्यांचं अंथरूण भट्टीतून निघून शेजारी जमिनीवर पडलं होतं, त्यातून पाणी गळत होतं.

मी जवळ गेले आणि एका दमात बोलले, कारण थांबले असते तर बोललेच नसते. “मुन्शीजी, त्या दिवशी नको मी म्हटलं. जैनबचं पाप माझ्या माथ्यावर आहे. तुम्ही मला एकदा तरी बोला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरासमोर आम्ही कधी बोललो नव्हतो, त्यामुळे दोघांनाही कुठं बघावं ते कळेना.

“बाई,” ते म्हणाले, “भट्टी माझ्या मेजापासनं दहा पावलांवर हाय. भट्टीवाला माझ्या हाताखालचा मानूस. त्याला सांगायचं सोडून मी पडद्यापाशी आलो. कशाला आलो, हे तुम्ही मनाला कधी इचारलं का?”

मी मान वळवून भट्टीकडे पाहिलं.

“भट्टीवाला व्हय म्हनला असता. तुम्ही नको म्हनाल, हे मला ठाऊक होतं.”

मागच्या माणसानं त्यांच्या पाठीला हात लावला. रांग पुढं सरकली होती. त्यांनी ओलं अंथरूण उचललं, खांद्यावर टाकलं, आणि तेही पुढं सरकले.